डिशवॉशर मध्येच अडकतो, मदत हवी आहे

उतावळी_मनी
रात्री भांडी लावून डिशवॉशर चालू करते. सकाळी बघावं तर भांड्यांना साबण तसाच आणि डिस्प्लेवर ५८ मिनिटं शिल्लक! बंद करून परत लावला की मुकाट पूर्ण होतो. सर्व्हिसवाला दुपारी आला, चालवून दाखवला, 'काही प्रॉब्लेम नाही मॅडम' म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. 'हाताने घासा' हा सल्ला कृपया नको. लवकर सांगा, सिंक भरलंय.

मुलुंडकर
फिल्टर. डोळे मिटून सांगतो. आमच्या ड्रेन पंपात लिंबाची बी अडकली होती.

पाना_पक्कड
डोळे उघडून विचारतो: अडकतो तेव्हा तळाशी पाणी असतं का? दिवा कुठला लागतो?

सुगरण_डोंबिवली
मीठ संपलं असेल. आणि रिन्स एड, ते खंगाळताना घालायचं लिक्विड, तेही घाला, ग्लास काय चमकतात!

पाना_पक्कड
ताई, मीठ संपलं तर भांड्यांवर पांढरे डाग पडतील, मशीन थांबणार नाही. मशीनमधलं मीठ जड पाणी मऊ करायला असतं. त्यात मुंबईत पालिकेचं पाणी तलावांचं, मऊच; बोअरचं जड नाही. मीठ फारसं लागतच नाही.

सुगरण_डोंबिवली
आमच्याकडे टँकर येतो. अनुभवाने बोलतेय.

उतावळी_मनी
तळ जवळपास कोरडा. नळाचं चित्र असलेला दिवा लागतो. पण पाण्याचा प्रश्न नाहीये, सिंकच्या नळाला चोवीस तास पाणी असतं.

मुलुंडकर
तरी एकदा फिल्टर काढाच.

पाना_पक्कड
तळ कोरडा म्हणजे पाणी जातंय नीट, आत येत नाहीये. फिल्टर सोडा. पाणी आत आणणारा पाईप जोडलाय तिथे नखाएवढी जाळी असते, ती बघा. मशीन किती वाजता लावता? आणि त्याचं पाणी सिंकच्याच लाईनवरून आहे का?

उतावळी_मनी
साडेदहाला, सगळं आवरल्यावर. सिंकला माळ्यावरच्या टाकीचं पाणी आहे. मशीनला प्लंबरने वॉशिंग मशीनच्या नळावरून टी (दुसरा फाटा) काढून दिला, ती लाईन थेट गच्चीवरच्या टाकीची. अकराला वॉचमन तिचा व्हॉल्व्ह बंद करतो, पण ते तर सगळ्यांकडेच असतं. जाळी उद्या बघते.

पाना_पक्कड
अहो, हे आधी सांगायचं ना! मशीन एकदाच पाणी घेत नाही. साडेदहाला पहिलं भरलं, गरम केलं, धुतलं, सोडून दिलं. खंगाळायला नवीन पाणी मागतं तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. सर्व्हिसवाल्याला दुपारी काय दिसणार?

मुलुंडकर
मग माळ्यावरच्या टाकीला जोडा. विषय संपला.

पाना_पक्कड
संपत नाही. बऱ्याच मशिनना किमान अर्धा बार प्रेशर लागतं, म्हणजे टाकी साधारण पाच मीटर वर हवी. माळा जेमतेम दोन मीटर वर. तिथे छोटा प्रेशर पंप लागेल.

मुलुंडकर
माझ्या भावाने पालिकेच्या लाईनलाच पंप लावलाय, झकास चालतो.

पाना_पक्कड
त्याला परवानगी नाही. पकडलं तर पंप जप्त. माळ्याच्या टाकीवर लावला तर हरकत नाही.

उतावळी_मनी
पंपाचा आवाज रात्री सासूबाईंना चालणार नाही. सेक्रेटरींना व्हॉल्व्ह उशिरा बंद करा म्हटलं तर ते थेट तानसा-भातसा धरणांची पातळी सांगायला लागतील.

पाना_पक्कड
मशीनला डिले स्टार्ट असेल. भांडी रात्रीच लावा, वेळ पहाटे पाचची टाका. व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो?

उतावळी_मनी
साडेपाच. पण सातला डबे भरायचे असतात, माझा प्रोग्रॅम अडीच तासांचा आहे.

पाना_पक्कड
मग क्विक प्रोग्रॅम. फार खरकटं नसेल तर चालतो. नाहीतर साडेसातला जेवा आणि आठला लावा.

उतावळी_मनी
साडेसातला मी अजून लोकलमध्ये असते. आज क्विक लावून साडेपाचची वेळ टाकते, उद्या कळवते.

सुगरण_डोंबिवली
अवांतर: कुकर चालतो का यात? माझा काळा पडला.

मुलुंडकर
ॲल्युमिनियमचा असेल तर पडणारच. मिठाने नाही हो, डिटर्जंटने.