मधल्या शांततेबद्दल

थंडी लवकर सरली की रानटी टर्कीची (अमेरिकेतला कोंबडीसारखा मोठा पक्षी) वीणही लवकर होते, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नराला हंगामाची चाहूल दिवसाच्या लांबीवरून लागते. हवेवर फक्त तो त्या सकाळी माद्यांना बोलवायला किती ओरडेल हे ठरतं. वारा-पाऊस असला की बराचसा गप्प बसतो. आणखी एक, ओरडण्याला भर दोनदा येतो. पहिला हिवाळी थवे फुटतात तेव्हा. मग माद्या सोबत फिरू लागल्या की आवाज एकदम कमी होतो आणि लोकांना वाटतं, संपलं! पण माद्या अंड्यांवर बसल्या (दहा-बारा अंडी, उबवायला साधारण २८ दिवस) की एकटे पडलेले नर पुन्हा सुरू होतात.

आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मागच्या एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मी गाडीचं दार जरा जोरात लावलं, तर समोरच्या ओकच्या झाडावरून एका नराचं लगेच उत्तर आलं! घुबड ओरडलं, ढग गडगडले तरी नर असंच ओ देतात. थोड्या वेळाने तो खाली उतरला, पिसारा फुलवून पंख जमिनीवर घासत चालला, डोकं पांढरं-निळं, मान लालभडक. इथले टर्की एकोणिसाव्या शतकात पार संपले होते. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून आणून सोडलेल्या ३७ पक्ष्यांपासून पुन्हा वाढले. त्यामुळे तो आवाज ऐकला की मला फार बरं वाटतं. तुमच्याकडे सध्या शांत असेल तर दोन-तीन आठवडे थांबून पहाटे पुन्हा कान द्या.