मदत हवी आहे : परदेशात राहून माजी सैनिक संघटनेचे सभासदत्व कसे मिळवावे?

मलप्रभाकाठ
सप्रेम नमस्कार. मी माजी सैनिक असून सध्या कुवेतमध्ये नोकरी करतो. खानापूर तालुक्यात माझे गाव आहे आणि आमच्या भागातील माजी सैनिक संघटनेचा सभासद होण्यासाठी मी गेले चार महिने खटपट करत आहे. अर्ज, ओळखपत्राची छायाप्रत आणि दोन छायाचित्रे मी चुलतभावाच्या हाती पाठवली होती. ती 'अर्जदाराने समक्ष यावे' असे सांगून सचिवांनी परत केली, आणि मी पाठवलेली वर्गणीही 'परदेशातला पैसा आम्हाला चालत नाही' या कारणाने परत आली. पुढील महिन्यात सर्वसाधारण सभा आहे व त्यापूर्वी माझे नाव लागले पाहिजे. रजा गणेश चतुर्थीखेरीज मिळत नाही. तेव्हा 'गावी आल्यावर बघा' एवढे सोडून काय करता येईल ते कृपया सांगावे.

कॅम्पातला
जय हिंद. आपण बेळगावकडचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचेच असणार. मग चिंता कशाची? सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस येथे कॅम्पातच आहे, तेथे एक अर्ज टाकावा. दर वर्षी ४ फेब्रुवारीला, कोंढाणा सर झाला त्या दिवसाच्या स्मरणार्थ, रेजिमेंटचा दिवस साजरा होतो. त्याला एकदा आलात की जुनी मंडळी भेटतील आणि सर्व कामे आपोआप होतील.

मलप्रभाकाठ
साहेब, मी तोफखान्यात होतो. माझे रेकॉर्ड नाशिक रोडला आहे. बेळगावचा जवान म्हणजे मराठाच, ही समजूत आपल्याच लोकांत एवढी पक्की असेल असे वाटले नव्हते. शिवाय मला रेजिमेंटच्या नव्हे, गावाकडच्या संघटनेत यायचे आहे, आणि मी ४ फेब्रुवारीलाही कुवेतमध्येच असेन.

हिशेबनीस_चिकोडी
आपण आवश्यक ते काहीच लिहिलेले नाही. सेवा किती वर्षे झाली? निवृत्तिवेतन आहे का? ओळखपत्र कोणत्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचे आहे? पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे? वर्गणी कोणत्या खात्यातून पाठवली? मुदतीआधी, स्वतःच्या विनंतीवरून आणि निवृत्तिवेतनाविना बाहेर पडलेला माणूस सरकारी व्याख्येत माजी सैनिक ठरत नाही. तसे असेल तर पुढची चर्चाच व्यर्थ आहे.

मलप्रभाकाठ
सतरा वर्षे सेवा करून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. ओळखपत्र बेळगावचे आहे. वर्गणी मी येथील मनी एक्सचेंजमधून थेट संघटनेच्या खात्यात भरली होती. पासपोर्ट अर्थातच भारतीय आहे, पण त्याचा येथे काय संबंध?

हिशेबनीस_चिकोडी
पैशांबाबत सारा संबंध त्याचाच आहे. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला परकीय योगदान घेता येत नाही, म्हणून खजिनदार घाबरतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. मात्र परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. देणाऱ्याने परके नागरिकत्व घेतलेले असेल तर ती धरली जाते, मग त्याच्यापाशी भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओ.सी.आय. कार्ड असले तरी. आपले पैसे चालतात, पण ते आपले आहेत हे खजिनदारांना एक्सचेंजच्या पावतीवरून समजत नाही. बेळगावातील आपल्या खात्याचा धनादेश द्यावा आणि सोबत पासपोर्टची प्रत जोडावी, म्हणजे वाद मिटेल. ओघाने सांगतो, परदेशी नोकरीला गेल्यावर साधे बचत खाते एन.आर.ओ., म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयातील खाते, करून घ्यावे लागते. ते केले आहे ना?

लेस्टरवासी_निपाणीकर
म्हणजे मी गावच्या शाळेला दिलेले पैसेही परकीय झाले? जन्म निपाणीचा, शिक्षण निपाणीचे, आणि मी परका! असो. धागाकर्त्यांनी एवढा मनस्ताप का करून घ्यावा? येथे ब्रिटनमध्ये १९२१ साली स्थापन झालेली रॉयल ब्रिटिश लीजन आहे, तिचे सभासद होण्यासाठी सैन्यात नोकरी केलेली असण्याचीही अट नाही. मी स्वतः सभासद आहे आणि नोव्हेंबरमध्ये छातीवर कागदी पॉपी लावून स्मरणदिनाच्या कार्यक्रमाला जातो. त्यांनी तेथेच अशी एखादी संस्था शोधावी.

हिशेबनीस_चिकोडी
कायद्याच्या दृष्टीने परकीयच. जन्मस्थान विचारात घेतले जात नाही. आणि ज्यांना खानापुरात सभासद व्हायचे आहे त्यांना लेस्टरच्या पॉपीचा काय उपयोग?

मुखत्यार_संकेश्वर
माझा अनुभव असा आहे की परदेशस्थ माणसाच्या प्रत्येक अडचणीवर मुखत्यारपत्र हाच उतारा आहे. दूतावासात मुखत्यारपत्र करावे, ते चुलतभावाच्या नावे पाठवावे आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. आमच्या मेहुण्यांनी दुबईत बसून अशाच रीतीने दोन एकर जमीन विकली.

निवृत्त_सुभेदार
जमीन विकणे आणि सभासद होणे यांत फरक आहे. सभासदत्व व्यक्तीचे असते, ते मुखत्यारामार्फत भोगता येत नाही. या संघटना बहुधा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेल्या असतात आणि सभासद कोणी व कसे व्हावे हे त्यांच्या नियमावलीत लिहिलेले असते. तेव्हा नियमावलीची प्रत मागवावी. समक्ष येण्याची अट तीत असेल तर ती मोडता येणार नाही. नसेल तर ती केवळ सचिवांची सवय आहे, आणि सवयीविरुद्ध लेखी पत्र पुरते. मी स्वतः एका संघटनेचा सचिव होतो. समक्ष या, असे आम्ही मुख्यतः अर्जात काही खटकले की सांगत असू.

तिलारीपलीकडे
चंदगडहून लिहितो. आपण नाव कोल्हापूर जिल्ह्यात का हलवत नाही? महाराष्ट्रात माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे. सीमाभागातील ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच, तेव्हा आपण मनाने इकडचेच.

निवृत्त_सुभेदार
मनाने असून घरपट्टी माफ होत नाही, त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि घरही तेथेच असावे लागते. त्यांचे घर खानापूर तालुक्यात आहे. सीमाप्रश्नावर येथे शंभर धागे आहेत, हा तेवढा सोडावा. मलप्रभाकाठ, मला एक सांगा. सभेपूर्वीच नाव लागले पाहिजे, ही घाई कशासाठी? निवडणूक लढवायची आहे का?

मलप्रभाकाठ
निवडणूक नाही. आमच्या खोलीत सैन्याच्या सिग्नल्स दलातला एक माजी जवान राहत होता, तोही आपल्याच जिल्ह्यातला. गेल्या थंडीत तो झोपेतच गेला. त्याचा मृतदेह घरी पोहोचायला दिवस लागले, पण त्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला महिने लागले, आणि त्या काळात कागद घेऊन तिच्याबरोबर फिरले ते त्यांच्याकडील संघटनेचे दोन वृद्ध नाईक. तिचा दीर बँकेच्या पायरीवरूनच परत आला होता. माझी पत्नी गावी एकटी असते. सभेत पुढील वर्षाची सभासद यादी मंजूर होते, म्हणून ही घाई.

निवृत्त_सुभेदार
हे पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते. भाऊ, सभासद अवश्य व्हा, पण कुटुंब निवृत्तिवेतन संघटनेच्या यादीवरून मिळत नाही, पी.पी.ओ. वरून, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावरून मिळते. आजच पी.पी.ओ. काढा आणि पत्नीचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. स्पर्श या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतही तेच पाहा. ओ.टी.पी. भारतातील क्रमांकावर येतो, तेव्हा तो फोन कोणापाशी आहे तेही लिहून ठेवा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे, आणि त्यापायी खोळंबलेली प्रकरणे मी माझ्या हातांनी हाताळली आहेत.

मलप्रभाकाठ
साहेब, आपण म्हणालात तसेच निघाले. पी.पी.ओ. वर तिचे माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. भरतीनंतर दुसऱ्या वर्षी लग्न झाले, तेव्हा युनिटच्या क्लार्कने विचारल्यावर मी माहेरचे नाव सांगितले होते, कारण नवे नाव माझ्या तोंडात तोपर्यंत बसलेच नव्हते.

निवृत्त_सुभेदार
घाबरू नका. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे. ते कुवेतमधील आपल्या दूतावासात करता येते. १९४८ च्या कायद्याने दूतावासातील वाणिज्यदूत अधिकाऱ्यासमोर घेतलेली शपथ भारतात ग्राह्य आहे. पत्नीने तसेच प्रतिज्ञापत्र येथे करावे. लग्नाचा पुरावा जोडून अर्ज बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नाशिक रोडच्या रेकॉर्डला जाऊ द्या. दुरुस्त पी.पी.ओ. हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. हे आपल्या हयातीत करणे सोपे आहे.

मलप्रभाकाठ
सर्वांचे आभार. चुलतभावाने नियमावलीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. समक्ष येण्याची अट कोठेही नाही. अर्जावर एका विद्यमान सभासदाची सूचक म्हणून सही हवी, एवढेच आहे. मग परत आलेला अर्ज मी प्रथमच नीट पाहिला. फॉर्म कानडीत आहे आणि 'सूचकरु' या रकान्यात आमच्या चुलतभावानेच झोकदार सही ठोकली आहे. अर्ज नेऊन देणाऱ्याने सही करायची असते असे त्याला वाटले. तो सैन्यात कधीच नव्हता, त्याचे सायकलचे दुकान आहे. सचिवांनी हे त्याच्या तोंडावर न सांगता मला समक्ष बोलावले, यात त्यांचा भिडस्तपणा असावा. आता गावातील एका सभासद नाईकांची सही घेऊन, बेळगावच्या खात्याचा धनादेश जोडून अर्ज पुन्हा दिला आहे आणि पावती मिळाली आहे. दूतावासातील वेळ रविवारची मिळाली.

हिशेबनीस_चिकोडी
ते खाते एन.आर.ओ. केले आहे का, याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

गोकाकचा_पाहुणा
नमस्कार. माझ्यापाशी एन.सी.सी. चे 'सी' प्रमाणपत्र आहे. मला या संघटनेचे सभासद होता येईल का?