निशाणाच्या डोळ्यात भिंग कुठल्या अंतराचं बसवायचं?

तापीकाठचा (भुसावळ)

मंडळी, वय 61, रेल्वेतून निवृत्त, 10 मीटर एअर पिस्तूल हा एकुलता एक छंद. चार महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशनला नावं ठेवायला जागा नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम, टाका नाही, दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काका, लांबचा नंबर शून्य आलाय." घरात पेढे वाटले. आकाश स्वच्छ होतं त्या सकाळी गच्चीवरून सातपुडा इतका स्पष्ट दिसला की मी बायकोला हाक मारून वर बोलावलं.

सव्वा महिन्याने रेंजवर गेलो. हात उचलला. समोरचा काळा गोल कोरल्यासारखा दिसतोय, आणि फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) म्हणजे फुटलेलं कापसाचं बोंड! कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते, काही कळेना.

पिस्तूल न मारणाऱ्यांसाठी सांगतो. टार्गेट स्पष्ट दिसलं की नेम लागतो, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. माझ्या पिस्तुलाच्या बॅकसाइट (डोळ्याकडची खाच) आणि फोरसाइटमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर आहे. खाचेत फोरसाइट 1 मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर 10 मीटरवर पेलेट (छर्रा) सुमारे 30 मिलिमीटर सरकतं. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. म्हणजे दहाचा सात होतो. उलट फोरसाइट खाचेत नीट बसलेली असेल आणि अख्खा हातच 1 मिलिमीटर हलला, तर पेलेटही साधारण तेवढंच हलतं. म्हणून शिकवतात की टार्गेट धूसर चालेल, फोरसाइट धूसर चालणार नाही.

आता खरी तक्रार. ऑपरेशनआधी माझा उजवा डोळा मायनस 1 होता. म्हणजे नजर आपोआप मीटरभर अंतरावर बसायची, आणि फोरसाइट जवळपास तिथेच येते. तो मायनस एक माझं भांडवल होतं. दवाखान्यात तो "दुरुस्त" करून टाकला. गाडी चालवता का, वाचता का, हे विचारलं. नेमबाजी करता का, हे कोणी विचारलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. नेमबाजाच्या नेम धरणाऱ्या डोळ्यात लेन्स फोरसाइटच्या अंतराचीच बसवावी. लांबचं बघायला चष्मा आहे ना.

केळीबाग (रावेर)

काका, मान राखून सांगतो, मला हे अजिबात पटलं नाही.

रेंजवर तुम्ही आठवड्यातून किती तास असता? सहा? आठ? बाकीच्या वेळी तोच डोळा घेऊन बाजारात जायचंय, स्कूटर चालवायचीय, नातवाला शाळेतून आणायचंय. भिंग एकदा बसलं की जन्माचं, आणि छंदाला खांदा दुखला तरी सुट्टी मिळते. आमच्याकडे बैल पाच माणसांच्या कुटुंबाच्या चालीने चालतो, कुटुंब बैलाच्या चालीने चालत नाही. (म्हण नाही, आत्ताच सुचलं.)

चष्मा उलटा लावा की! नजर लांबची ठेवा आणि फोरसाइटसाठी रेंजवर चष्मा घाला. चष्मा बदलता येतो, डोळ्यातली लेन्स बदलायची तर पुन्हा चाकू.

आमची आजी असती तर म्हणाली असती, बंदूक तीच शे, डोया बदली गया, मंग रडी काय राहिना?

जुना कॅडेट

तापीकाठच्यांना शंभर टक्के पाठिंबा. आम्ही एनसीसीत .22 ची रायफल मारली तेव्हा उस्ताद एकच ओरडायचा, "फोरसाइट की टिप देखो!" डोळ्यात प्लास्टिकचा तुकडा आला की नेम गेला, हे लिहून घ्या. निसर्गाने दिलेलं भिंग जवळ-लांब दोन्हीकडे फिरतं. हे प्लास्टिक काय फिरणार? मला सांगितलं होतं तरी मी पाच वर्षं ऑपरेशन टाळतोय.

चष्मेवाला (धुळे)

कॅडेट साहेब, पाच वर्षं टाळू नका हो. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढायला जास्त त्रास देतो. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, नंबर काढतो आणि चष्मे करतो. पण रोज हेच काम, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आधी प्लास्टिकचं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसले होते. ते डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, आणि 1949 मध्ये त्यांनी त्याच जातीच्या ॲक्रिलिकची पहिली लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. म्हणजे या प्लास्टिकचा जन्मच लढाऊ विमानातला. नेमबाजांनी त्याला नावं ठेवू नयेत.

आता "निसर्गाचं भिंग फिरतं". विशीत फिरतं. चाळिशीला वाचायचा चष्मा लागतो तो ते कमी फिरतं म्हणूनच, आणि साठीपर्यंत ते जवळजवळ थिजलेलं असतं. त्यामुळे ऑपरेशनने फोकस बदलण्याची शक्ती गेली, हा हिशेब साठीच्या माणसाला लागू होत नाही. ती आधीच गेली होती.

तापीकाठचे काका, तुमच्या मायनस एकबद्दल एक प्रश्न. तो नंबर तरुणपणापासून होता की गेल्या काही वर्षांत आला? मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात पिकायला लागला की नंबर मायनसकडे सरकतो. आजोबांना एकाएकी चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो आणि घरचे म्हणतात, नजर परत आली. ते मोतीबिंदूचं काम असतं. तसं असेल तर तुमचं भांडवल तुम्हाला मोतीबिंदूनेच उसनं दिलं होतं. पुढे तोच मायनस दोन, मायनस तीन करत गेला असता, शिवाय धुकं वेगळं.

आणि "फोरसाइटच्या अंतराची लेन्स" ऐकायला सोपी वाटते. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून लेन्सचा नंबर काढतात. लेन्स बहुतेक अर्ध्या-अर्ध्या डायऑप्टरच्या (नंबर मोजायचं एकक) टप्प्यांत मिळतात, आणि सगळं नीट झालं तरी निकाल अर्धा डायऑप्टर इकडेतिकडे जाऊ शकतो. रेंजवर अर्धा डायऑप्टर म्हणजे किती, ते तुम्ही मला सांगाल.

आता उपाय. फोरसाइट डोळ्यापासून 90 सेंटिमीटरवर धरली, तर ती स्पष्ट दिसायला सुमारे 1.1 डायऑप्टर लागतो. 10 मीटरवरच्या टार्गेटला 0.1. पूर्ण 1.1 चा काच घातला की गोल विरघळून राखाडी डाग होतो, तेही नको. मधला आकडा 0.6 च्या आसपास येतो. म्हणून नेमबाजाला लांबच्या नंबरावर प्लस 0.50 पासून सुरुवात करून देतात आणि फोरसाइटची कड मिळेपर्यंत पाव-पाव चढवतात. तुमचा लांबचा नंबर शून्य, म्हणजे तुम्ही सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. त्यावर चष्म्याला आयरिस (लहानमोठं करता येणारं भोक) लावा. बाहुली 3 मिलिमीटरची असेल आणि तुम्ही दीड मिलिमीटरच्या भोकातून पाहिलं, तर धूसरपणा निम्मा होतो. उजेड मात्र चौपट कमी होतो, म्हणून भोक फार बारीक करायचं नाही.

तापीकाठचा (भुसावळ)

मायनस एक चार-पाच वर्षांतलाच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढं मान्य. त्या काळात माझे स्कोअर चढले होते आणि मी श्रेय प्राणायामाला देत होतो!

पण चष्म्याचं तुम्ही दुकानात बसून बोलताय. आमची रेंज पत्र्याची. मे महिन्यात बाहेर पारा 45, आत किती ते विचारू नका. 60 शॉटच्या फेरीत घामाने चष्मा नाकावरून घसरतो. मधून न बघता कडेने बघितलं की नंबरच बदलतो. डोळ्यातली लेन्स घसरत नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

महामार्गवाला (पारोळा)

मी या दोन्ही पक्षांत नाही, मी तिसरी चूक केलेला माणूस. मुलाने आग्रह केला, पैसे त्याने भरले, मल्टिफोकल बसवून घेतली. चष्म्याशिवाय पेपर वाचतो, मोबाईल बघतो, खोटं कशाला बोलू. पण ही लेन्स आत येणारा उजेड वाटून टाकते, थोडा जवळच्याला, थोडा लांबच्याला. रात्री 53 नंबर हायवेवर समोरून ट्रक आला की प्रत्येक दिव्याभोवती वर्तुळं दिसतात, टार्गेट पेपर लटकवल्यासारखी.

रेंजवर फोरसाइट दिसते, गोलही दिसतो. दोन्ही दिसतात आणि दोन्हींवर दुधाची साय धरल्यासारखं वाटतं. काळ्यावर काळी फोरसाइट वेगळी काढायला कॉन्ट्रास्ट लागतो, तोच कमी पडतो. नेम धरणाऱ्या डोळ्यात साधी एका अंतराची लेन्स बसवा. अंतर कुठलं, यावर तुम्ही भांडा.

केळीबाग (रावेर)

पारोळेकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या मामांना हीच "प्रीमियम" म्हणून गळ्यात मारायचं चाललंय.

रायफलवाली ताई (नंदुरबार)

तुम्ही सगळे पिस्तूलवाले आहात म्हणून हा महाभारत-प्रसंग. मी मुलींना 10 मीटर रायफल शिकवते. आमच्याकडे डोळ्यासमोर पीप असतं, 1 मिलिमीटरच्या आसपास भोक. त्या भोकातून फोरसाइटची कडी आणि गोल, दोन्ही जवळपास स्पष्ट मिळतात. माझा स्वतःचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी झाला, लांबचा शून्य ठेवून. पीपच्या पुढे एक पाव-अर्ध्या नंबरचा काच, विषय संपला. रायफलीत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तरी चालतंय. तेव्हा "नेमबाजाने अमुकच करावं" असं सरसकट सांगू नका, काका. ट्रॅपवाल्याला तर उडती तबकडीच बघायची असते, तुमचं ऐकलं तर तो बुडेल.

दुसरं, चार महिन्यांनी धूसर वाटतंय तर एकदा तपासून घ्या. लेन्सच्या मागच्या पडद्यावर जाळी धरते, ती लेझरने दोन मिनिटांत उघडतात. नाहीतर तुम्ही काच बदलत बसाल आणि दोष पडद्यात असेल.

तिसरं कडू लागेल. तुर्कस्तानचे युसुफ डिकेच आठवतात? 2024, पॅरिस ऑलिंपिक, वय 51, साधा घरचा चष्मा, एक हात खिशात, मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य. त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्य मिळालं. सगळा स्कोअर भिंगावर ढकलू नका. सव्वा महिना हात उचलला नव्हता, तेही धरा.

जुना कॅडेट

डिकेच यांचं उदाहरण चुकीचं आहे ताई. तो माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून आयुष्यभर मारत आला. आपण त्याचा फोटो पाहिला, त्यामागची वर्षं पाहिली नाहीत. आणि त्याच्या चष्म्यात कुठला नंबर आहे, तुम्हाला माहीत आहे का?

(ऑपरेशनचं बघतो. चष्मेवाल्यांनी घाबरवलं.)

रायफलवाली ताई (नंदुरबार)

नाही माहीत. मुद्दा मान्य. पण चष्मा आहे, एवढं दिसतंच. म्हणजे चष्मा घालून पदक मिळतं. घामाचं कारण भुसावळपुरतं राहिलं. कपाळाला टेरीकॉटनची पट्टी बांधा, माझ्या मुली बांधतात.

तापीकाठचा (भुसावळ)

आठवड्याने लिहितोय. पडदा तपासला, स्वच्छ आहे. मग चष्म्याच्या दुकानात गेलो. पिस्तूल नेलं असतं तर दुकानदार काउंटरखाली गेला असता, म्हणून घरातली एक काठी नेली. रेंजवर मुलाकडून टेपने मोजून घेतलं होतं, डोळ्यापासून फोरसाइट 88 सेंटिमीटर. काठीच्या टोकाला काळी पट्टी चिकटवली, समोरच्या भिंतीवर काळा कागद, हात लांब करून उभा राहिलो. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती.

प्लस 0.50 ला पट्टीची वरची कड धरता येईना. 0.75 ला आली. 1 ला पट्टी सुरीसारखी, पण कागद गेला. 0.75 चा काच करायला टाकलाय, आयरिसही मागवली.

म्हणजे रावेर आणि धुळे जिंकले असं समजू नका. डावा डोळा पुढच्या हिवाळ्यात करायचाय, त्याचा नेमाशी संबंध नाही, तो जसा हवा तसा करा. पण उजव्याच्या वेळी मला कोणी टेप घेऊन विचारलं असतं, तर मी मायनस पाऊण मागितला असता, आणि आजही मागेन.

केळीबाग (रावेर)

आणि मग ट्रकचा नंबर वाचायला चष्मा शोधत बसला असता. काका, मायनस पाऊणला रस्त्यावरच्या पाट्या धूसर असतात, माझा डावा तेवढाच आहे. काच आला की स्कोअर टाका इथे.

तापीकाठचा (भुसावळ)

टाकतो. खाली गेला तरी टाकतो.