'रोस्टर टर्नओव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

सायली_अ: अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्यावरचा लेख मराठीत करते आहे. 'रोस्टर टर्नओव्हर'ला, म्हणजे संघातले खेळाडू जाऊन नवे येण्याला, संपादक 'उलाढाल' म्हणतात, पण त्यात दुकानाचा गल्ला दिसतो. शिवाय त्याच परिच्छेदात खेळातला टर्नओव्हरही आहे, शॉट न घेताच चेंडू घालवण्याचा. २०२३ मध्ये अव्वल मानांकित पर्ड्यू फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरलं. त्यानंतर चेंडू न घालवता सांभाळणारा लान्स जोन्स सदर्न इलिनॉय विद्यापीठातून आणला. म्हणजे दोन्ही टर्नओव्हर एकाच वाक्यात!

तिसरा_पास: चेंडूचा टर्नओव्हर तसाच ठेवा. दुसऱ्याला 'गळती'.

भालचंद्र: गळतीत नुसते जाणारे येतात. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी (२०१८ पासून), दोन्हीकडून वाहतं. आधी संघ बदलला की वर्षभर सामने बंद. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. सरळ 'खांदेपालट' म्हणा.

विदुला_क: भालचंद्रकाका, खांदेपालटात भोई तेच राहतात, फक्त खांदा बदलतो. इथे भोईच दुसऱ्या पालखीला जातात.

भालचंद्र: मंत्री वगळून नवे घेतले तरी बातमीत खांदेपालटच छापतात. अर्थ वापराने ठरतो.

तिसरा_पास: रोस्टरला मात्र 'पट' फिट्ट बसतो. संघामागे शिष्यवृत्त्या १३ होत्या. २०२५-२६ पासून, खेळाडूंना पैसे देण्याच्या नव्या समझोत्यातल्या विद्यापीठांना पटावर १५ जण. 'पटावरची ये-जा' कशी वाटते?

सायली_अ: ये-जा आवडली. आता 'डेव्हलपमेंट'. 'खेळाडूंचा विकास' सरकारी योजनेसारखं वाटतं.

विदुला_क: 'घडवणं'. पर्ड्यूचा झॅक ईडी बघा: पहिल्या मोसमात सामन्यामागे १४.७ मिनिटं आणि ८.७ गुण, चौथ्यात २५.२ गुण आणि संघ अंतिम सामन्यात. तिथे कनेक्टिकटने ७५-६० हरवलं, पण त्या पहिल्या पाचांत बाहेरून आलेला एकटा जोन्स.

सायली_अ: आणि 'रेडशर्ट', म्हणजे संघात असून एक मोसम सामने न खेळणारा? मी 'राखीव' लिहिलंय.

तिसरा_पास: सायलीताई, ते बदलाच. राखीव खेळाडूला केव्हाही उतरवता येतं. रेडशर्टने सामन्यात एक मिनिट जरी खेळलं तरी मोसम मोजला जातो. दुखापतीची सवलत वेगळी. पाच वर्षांत चार मोसम, असा हिशोब. ट्रे कॉफमन-रेन पर्ड्यूत पहिलं वर्ष असाच थांबला.

भालचंद्र: 'मुरायला ठेवलेला'.

तिसरा_पास: बरणीत ठेवून विसरायचा नसतो तो! रोज वजनं उचलायची, पायांची हालचाल घोटायची, सरावात पहिल्या पाचांना अडवायचं. अठरा वर्षांचं पोर बाविशीतल्या गड्याला अंगाने कमी पडतं, म्हणून तर हे वर्ष. 'तालमीचं वर्ष' म्हणा.

विदुला_क: नाटकवाले म्हणतील, तालमीनंतर प्रयोग लगेच हवा. शिवाय तालीम अरबीतून आलेला.

तिसरा_पास: अरबीतून आला म्हणून कोल्हापूरच्या तालमींच्या पाट्या उतरवायच्या का?

भालचंद्र: कुस्तीत मल्ल वस्ताद सोडून गेला तर त्याला काय म्हणतात, ते आधी सांगा. पोर्टलला शब्द तिथेच मिळेल.