मादी म्हणून घेतलेल्या पिल्लांना लाल तुरे येतायत
एका हॅचरीतून गावरान पिल्लं घेतली, सगळ्या माद्या म्हणून जास्तीचे पैसे दिले आणि आता दीड महिन्यात निम्म्यांचे तुरे लालभडक. एक दिवसाच्या पिल्लाचं नर-मादी कळतं तरी का?

> कळतं, पण शिकलेला माणूस लागतो. पिल्लाची शी काढून गुदद्वार हलकं दाबून आतला बारीक उंचवटा बघतात, मूळ जपानी पद्धत, सराईत माणूस ९५ टक्क्यांच्या वर बरोबर सांगतो. लेयरवाल्यांकडे (अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं विकणाऱ्यांकडे) असतात असे लोक, गावरान-कडकनाथ बहुतेक नर-मादी मिक्सच येतं.

> पंख बघून सांगतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका!! ते ठराविक क्रॉसमध्येच (संकरित पिल्लांतच) चालतं.

> दादा पुढच्या वेळी बिलावर मादी लिहून घ्या. नर आत्ताच वेगळे करा, आखाडात गावरान कोंबड्याला भाव मिळतो.