खिशात नोट नसणं ही काय मिरवायची गोष्ट आहे का?

बर्डीचा पादचारी

हल्ली "मी कॅश ठेवतच नाही" हे लोक छाती काढून सांगून राहिले. सांगा, हरकत नाही. पण स्कॅन झालं नाही की भुर्दंड कोणाला पडतो, तेही सांगा.

पोहे खाऊन झाले, तर्री दोनदा मागून झाली, आणि मग "भाऊ, सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी टाकतो". ठेलेवाला काय करणार? पोहे परत घेणार? मान हलवतो बिचारा. संध्याकाळी किती जण टाकतात ते त्यालाच विचारा. फोनने पैसे देण्यात सोय आपली असते, आणि ती सोय बिघडली की अडचण समोरच्याची होते, हे माझं म्हणणं आहे.

26 मार्च 2025 ला देशभर यूपीआय अडकलं. पुन्हा 12 एप्रिलला अडकलं. तो शनिवार होता, वर हनुमान जयंती, म्हणजे हार-नारळवाल्यांचा धंद्याचा दिवस. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन बघा. लाखो लोक एका जागी, साधा फोन लागत नाही, स्कॅन कुठून होणार? पुस्तकांच्या स्टॉलवर तेव्हा नोटच कामी येते. आणि मे महिन्यात दुपारी उन्हात उभं राहून फोन काढला की आपला 45 डिग्रीचा पारा त्याला सोसत नाही, स्क्रीन काळी पडते.

मी फोनच्या विरोधात नाही. मीही स्कॅन करतो. पण दोनशे रुपये सुट्टे आणि एक कार्ड खिशात असू द्या, इतकंच म्हणून राहिलो.

आयटी पार्कचा पोट्टा

काका, वर्षात दोन-चार वेळा बंद पडलं म्हणून बाकीचं वर्षभर चिल्लर शोधत फिरायचं का?

कॅशच्या दिवसांची आठवण लोक फार गोड करून सांगतात. मला आठवतं ते असं: पाचशेची नोट दिली की दुकानदाराचा चेहरा पडायचा, दोन रुपये परत द्यायच्या ऐवजी हातात चॉकलेट यायचं, आणि फाटकी नोट आपल्याकडे कशी आली हे घरी गेल्यावर कळायचं. दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलं की चौदाही प्रकारची नाणी चालतात. बँकेचं ऑफिस आपल्या संविधान चौकात आहे. तिथून चालत बर्डीत या आणि दहाची दहा नाणी देऊन काही घेऊन दाखवा.

ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात यूपीआयचे 2000 कोटींवर व्यवहार झाले. एवढे लोक फक्त मिरवायला करत असतील का? आणि सर्व्हरचंच रडगाणं असेल तर यूपीआय लाइट आहे. फोनमध्येच पाच हजारांपर्यंत ठेवा, हजारपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही, दर वेळी बँकेच्या खात्यापर्यंत जावं लागत नाही. पोह्यांना आणखी काय पाहिजे?

बर्डीचा पादचारी

लाइट चांगलंच आहे. तुझ्या ऑफिसात किती जणांनी सुरू केलं आहे, विचारून सांग. आणि बॅटरी दोन टक्क्यांवर आली की लाइट काय अन् भारी काय!

इतवारीचा मुनीम

दोघंही एक गोष्ट बोलत नाही आहात, ती मी बोलतो. इतवारीत "फक्त कॅश" म्हणणारे वाढले ते सर्व्हरमुळे नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. भाजी विकणाऱ्यालाही नोटीस गेल्याची बातमी होती, भाजीवर जीएसटीच नसताना. बेंगळुरूत दुकानदारांनी स्कॅन करायचे क्यूआर कोडचे स्टिकर काढून टाकले. तिथलं वारं इकडे यायला वेळ लागतो का?

मालाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना नोंदणी लागत नाही, सेवेसाठी ती रेषा 20 लाखांची. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री नव्हे. भाच्याने उसने परत केले, तेही त्याच खात्यात. बायकोच्या भिशीचे पैसे, तेही. हिशोब वेगळा ठेवायची सवय नसलेला माणूस घाबरतो आणि स्टिकर उलटा करून ठेवतो.

आयटी पार्कचा पोट्टा

म्हणजे टॅक्स चुकवायला कॅश पाहिजे, असं सरळ म्हणा ना भाऊ.

इतवारीचा मुनीम

कर विक्रीवर असतो, पैसे नोटेने आले की फोनने, याने फरक पडत नाही. पडू नये. मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो की धंद्याचं खातं वेगळं काढा. पण तुझ्या पगारातून टीडीएस आपोआप कटतो, तुला नोटिशीची भीती ठाऊक नाही. किराणावाल्याला सीएची फी द्यावी लागते तेव्हा तो महिनाभर ती मोजतो.

बुधवार बाजार

पादचारी काका, तुम्ही ठेलेवाल्यांच्या वतीने फार बोललात, म्हणून लिहिते. माझी आई सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी विकते. एरवी हातगाडी असते.

आईला वाचता येत नाही. कॅशच्या काळात संध्याकाळी हिशोब लागायचा नाही. गर्दीत कोणी शंभर देऊन "मी दोनशे दिले" म्हणायचं, आणि आई गोंधळायची. घरी येताना पिशवी छातीशी धरून यायची. आता पैसे आले की साउंडबॉक्सच्या डब्यातून मराठीत आवाज येतो, "चाळीस रुपये प्राप्त झाले". ती मान वर न करता वांगी तोलते. पोट्टे आधी खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळायचे, ते डबा आल्यापासून थांबलं. "संध्याकाळी टाकतो" म्हणणारे कॅशच्या काळातही होते, तेव्हा "उद्या देतो" म्हणायचे.

फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं पहिलं दहा हजारांचं कर्ज आईने फेडलं. फोनने घेतलेल्या पैशांवर थोडा कॅशबॅकही मिळाला. सावकाराकडे न जाता तिला पहिल्यांदा कोणी पैसे दिले. त्याला स्टिकरचा हातभार लागला, नोटांचा नाही.

बर्डीचा पादचारी

ताई, हे वाचून बरं वाटलं. एक विचारतो, राग मानू नका. डब्यात जो आवाज येतो, ते पैसे आईच्या खात्यात जातात का?

बुधवार बाजार

नाही. भावाच्या. फोन त्याचा आहे, स्टिकर त्याच्या नावाचं आहे.

बर्डीचा पादचारी

मग सकाळी चार वाजता कॉटन मार्केटला माल घ्यायला पैसे कोण देतं?

बुधवार बाजार

भाऊ काढून देतो. बहुतेक वेळा देतो.

धरमपेठची काकू

या "बहुतेक वेळा"साठीच मी कॅशच्या बाजूची.

घरखर्चातून वाचवलेले पैसे बायका डाळीच्या डब्यात का ठेवतात, हे पुरुषांना कधी कळलं नाही. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा ते सगळे डबे नवऱ्यासमोर उघडावे लागले. कोणाचे चार हजार, कोणाचे चाळीस. मग वर्षभर टोमणे, "तुझ्याकडे तर पैसाच पैसा आहे". फोनने पैसे द्यायचे म्हणजे प्रत्येक खरेदीची नोंद. जोड खातं असलं की नवऱ्याच्या फोनवर मेसेज टिंग. बहिणीला पाचशे दिले की रात्री जेवताना विचारणा. आपल्या पैशाचा हिशोब आपण कोणाला द्यायचा नाही, एवढं तरी स्वातंत्र्य नोटेत आहे.

रात्रपाळी

काकू, मी नर्स आहे, खासगी हॉस्पिटलात. तुमच्या डाळीच्या डब्याला नवरा हात लावत नसेल, हे तुमचं नशीब. माझ्या वॉर्डात आया म्हणून काम करणाऱ्या बाईचा पगार आधी रोख यायचा आणि दारूत जायचा. तिचं स्वतःचं खातं निघालं, पिन तिने कोणाला सांगितला नाही, तेव्हा मुलीची फी वेळेवर भरली गेली. डबा कोणालाही उघडता येतो.

आणि मी रात्री दोनला ड्यूटी संपवून निघते. पर्समध्ये पैसे नसलेले मला बरे वाटतात. फोन हिसकावला तरी लॉक आहे. पर्स हिसकावली तर गेलीच.

धरमपेठची काकू

तिने पिन सांगितला नाही, ही तिची हिंमत. ज्यांना रोज "दाखव बरं फोन" ऐकावं लागतं, त्यांचं काय? पण बरोबर आहे तुझं, जोड खातं आणि एकटीचं खातं यात फार फरक आहे. तुझी ती बाई माझ्यापेक्षा हुशार निघाली म्हणायची!

निवृत्त कॅशियर

तीस-पस्तीस वर्षं नोटा मोजल्या, म्हणून चार गोष्टी सांगतो. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

आयटीवाल्या पोट्ट्याला वाटतं कॅश संपत आली. नोटबंदीच्या वेळी बाजारात साधारण 18 लाख कोटींच्या नोटा होत्या. मार्च 2025 ला 36 लाख कोटींच्या वर होत्या. दुप्पट. फोनही वाढला आणि नोटाही वाढल्या. लोक रोजचं फोनने देतात आणि अडीनडीचं नोटेत ठेवतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पैसे कटले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर "संध्याकाळी बघू" म्हणायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. माणसाकडून माणसाला जाणारे पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाला दिलेले असतील तर पाच दिवसांत परत यायला पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये बँकेने द्यायचे. किती जणांनी मागितले? फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. परक्या माणसाने परस्पर पैसे काढले आणि चूक तुमची किंवा बँकेची नसेल, तर तीन दिवसांत कळवल्यावर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण पिन तुम्हीच सांगितला असेल तर ही ढाल नाही. नोट हरवली तर 1930 नसतो, हेही तितकंच खरं.

एटीएमचं म्हणाल तर आपलं नागपूर नियमांत महानगर नाही, म्हणून दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार फुकट आहेत, मुंबईकरांना तीन. त्यापुढे 23 रुपयांपर्यंत. दोनशे रुपये खिशात ठेवायचे असतील तर एकदाच काढा. मशीनमध्ये शंभर-दोनशेच्या नोटा ठेवा असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना बजावलं आहे.

आता कार्ड. पाच हजारांपर्यंत नुसतं टेकवलं की झालं, पिन नाही, आपल्या बाजूने नेटवर्कही नाही. मेट्रोत मी महाकार्डच वापरतो, बर्डी इंटरचेंजला रांगेत उभं राहायचं काम नाही. पण ठेल्यावर कार्ड चालणार नाही. कारण साधं आहे: क्रेडिट कार्डावर दुकानदाराचे पैसे कटतात, यूपीआयवर जानेवारी 2020 पासून शुल्क शून्य. मशीन कोण घेईल?

आणि एक नागपूरचीच गोष्ट. 14 एप्रिल 2017 ला पंतप्रधान इथे आले होते. दीक्षाभूमीला गेले, मग मानकापूरच्या कार्यक्रमात भीम-आधार सुरू केलं. लातूरच्या एका मुलीला एक कोटीचं बक्षीस मिळालं, तोच कार्यक्रम. त्या योजनेत गिऱ्हाइकाला फोन लागणार नव्हता, कार्डही नाही. दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा ठेवला की पैसे. तो अंगठा दुकानांत कुठे दिसतो? मला तरी एकाही किराण्यात ते यंत्र दिसलं नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा विचार झाला होता, आपल्याच गावात झाला होता, आणि मग सगळे स्टिकर लावायला लागले.

आयटी पार्कचा पोट्टा

अंगठ्याचं मला माहीत नव्हतं. पण काका, किपॅडच्या फोनवर चालणारं यूपीआय 2022 पासून आहे की. एकशेतेवीस... थांबा, 123पे.

निवृत्त कॅशियर

आहे. फोन लावायचा, भाषा निवडायची, आकडा सांगायचा. दहा हजारांपर्यंत चालतं. पण दुकानदाराला ते माहीत नसतं, तो म्हणतो "स्कॅन करा ना आजी". नातू सोबत नसेल तर आजी काय स्कॅन करणार?

बर्डीचा पादचारी

मुनीमजी, तुमच्याकडे नोट नाकारली जाते का? मला एका मोठ्या दुकानात "कॅश नाही घेत" ऐकावं लागलं. चलनी नोट आहे, नाही कशी म्हणता?

इतवारीचा मुनीम

इतवारीत नोट नाकारणारा अजून जन्मायचा आहे. फक्त दोन लाख किंवा वर रोख एका दिवसात एकाकडून घेता येत नाही, आयकराचा नियम आहे. लग्नाच्या सोन्याला लोक विसरतात.

बुधवार बाजार

कॅशियर काका, मघापासून विचारीन म्हणते. स्टिकर आईच्या नावाने करता येईल का? तिच्याकडे साधा फोन आहे. भावाशी भांडण नाही करायचं.

निवृत्त कॅशियर

करता येतं. आवाजाच्या डब्यात स्वतःचं सिम असतं, आईजवळ स्मार्टफोन असायची गरज नाही. पैसे तिच्या खात्यात, आणि पासबुक भरून आणलं की तुम्ही वाचून दाखवा. नोंदणीच्या वेळी ओटीपी येतो, तो साध्या फोनवरही येतो. पण आधी एक बघा, तिच्या खात्याला नंबर कोणाचा जोडलेला आहे?

बुधवार बाजार

भावाचाच असेल.

निवृत्त कॅशियर

मग तो आधी बदला. आधार, पासबुक आणि आईचं सिम घेऊन तिलाच शाखेत न्या, अर्जावर तिचा अंगठा लागेल. दुसरा-चौथा शनिवार सोडून जा. तिथे "मुलालाच पाठवा" म्हणाले तर उठू नका.

बुधवार बाजार

सोमवारी जाते. बुधवारी तर आईला मरायलाही सवड नसते.

रात्रपाळी

सोमवारी माझी सुट्टी आहे. सक्करदऱ्याच्याच आसपास राहते मी, सोबत पाहिजे असेल तर सांगा.