खासगी खाते म्हणजे संरक्षण नव्हे
शिक्षकाचे समाजमाध्यमावरील खाते खासगी आणि लिखाण शाळेच्या वेळेबाहेरचे असेल तर त्याबद्दल शाळेला कारवाईचा अधिकारच नाही, हे मत मला पटत नाही. अमेरिकेत मार्विन पिकरिंग या शिक्षकाने शाळा मंडळाच्या खर्चावर टीका करणारे पत्र वृत्तपत्रात लिहिले, म्हणून त्यांना बडतर्फ करण्यात आले; १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला खरा, परंतु तो देताना विषय सार्वजनिक हिताचा आहे का आणि त्या लिखाणामुळे शाळेच्या कामात अडथळा येतो का, हे तोलून पाहिले. अंदाजपत्रकावरील टीका या कसोटीवर बहुधा टिकते. वर्गातील मुलांची खिल्ली उडवणारी नोंद, नावे गाळली तरी, टिकणे अवघड, कारण पालकांचा विश्वास उडाला की अडथळा दाखवून देणे शाळेला सोपे जाते. (आणि मुले कोणती, हे गावाला लगेच कळते.) शिवाय त्याच न्यायालयाच्या २००६ च्या गार्सेटी खटल्यातील निकालानंतर सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीचे कर्तव्य म्हणून केलेल्या वक्तव्याला तेथील पहिल्या घटनादुरुस्तीचे (म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण उरलेले नाही, आणि खासगी शाळांना तर ती दुरुस्ती लागूच होत नाही. तिथे शिक्षकाने आधी नेमणुकीचा करार वाचावा.